सिग्नल त्यांचा होता

आवाज म्हणावा असा झालाच नाही. बाबागाडीचं पुढचं चाक बंपरला लागलं आणि टेबलावर पेला ठेवावा तेवढं टक् झालं, बस्स. पण ते टक् चष्मेवाल्याच्या उजव्या पायातून चढत मानेपर्यंत गेलं आणि तिथेच बसून राहिलं. गाडी थांबली होती. पाय ब्रेकवर होता, आणि तो ब्रेक आपण कधी दाबला हे त्याला आठवत नव्हतं. आठवत होता तो मागच्या सीटवरून आलेला नातीचा आवाज. "आबा, बाळ." एवढंच म्हणाली होती ती, तेही ओरडून नाही, खिडकीतून मांजर दिसल्यावर सांगावं तसं. पाच वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते समोर बघत बसलेल्या माणसाला दिसलं नव्हतं. त्याला दिसत होते फक्त दिवे. सणाच्या सुट्टीची रात्र, नुकते कुठे आठ वाजत होते, सगळ्या रस्त्याला माळा लावलेल्या, खांबांवर लाल, झाडांवर हिरव्या, दुकानांवर आणखी कुठल्या कुठल्या, आणि प्रत्येक दिव्याभोवती एक केसाळ कडं. ती कडी एकमेकांत मिसळून समोर एक झगझगीत पडदा टांगल्यासारखं झालं होतं, आणि त्या पडद्यातून आधी एक चाक, मग एक दांडा, मग दांड्यावरचे दोन हात, मग एक बाई, अशी ती तुकड्यातुकड्याने बाहेर आली. बाळ झोपलेलं होतं. त्याची टोपी कानावर सरकली होती. बाई हलली नाही. तिने आधी बाळाकडे पाहिलं, मग वर सिग्नलच्या खांबाकडे पाहिलं, आणि मग काचेतून सरळ त्याच्याकडे.

तिचा नवरा चार पावलं पुढे गेला होता. तो खांद्यावरची पिशवी सावरत पळत मागे आला, बाबागाडी ओढून बाजूला घेतली आणि खिडकीशी वाकला. आता शिव्या, असं चष्मेवाल्याच्या मनात आलं आणि त्याने काच खाली केली. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे तासभर वाटत राहणार होतं. "सॉरी काका," तो माणूस धापा टाकत म्हणाला, "आमचंच चुकलं. हिला म्हटलं होतं थांब म्हणून, ही मधेच घुसली. गाडीला काही लागलं नाही ना?" मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. चष्मेवाल्याच्या तोंडून शब्द आले, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलताना रोज येतात तसे, मऊ आणि वडीलधारे. "असू दे, असू दे. सांभाळून जा." आणि त्याने गाडी पुढे काढली. काढता काढता आरशात त्याला तो खांब दिसला, आणि पहिल्यांदाच माळांमधून वेगळा ओळखू आला. चालणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र अजून लुकलुकत होतं. आणि आपल्या चाकाखाली आता जे पांढरे पट्टे येतायत, त्यांच्या आधीच आपण थांबायला हवं होतं.

"काय माणसं असतात," बायको म्हणाली. ती मघापासून पर्समध्ये रुमाल शोधत होती, तिने काहीच पाहिलं नव्हतं. "एवढंसं लेकरू घेऊन रस्त्यात घुसतात. आणि बाई तर बघत कशी होती तुमच्याकडे." मागे मुलगी नातीचा सुटलेला बूट घालत होती. ती म्हणाली, "बाबा होते म्हणून वाचलं ते बाळ. दुसरा कोणी असता तर गेलंच होतं." "तेहतीस वर्षं गाडी चालवतायत," बायको म्हणाली, "एक ओरखडा नाही." चष्मेवाल्याने गिअर बदलला. स्टिअरिंगला घाम लागून ते बुळबुळीत झालं होतं. मैदानाच्या वाहनतळापर्यंतचं अर्धा किलोमीटर अंतर त्याने पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांना धरून कापलं, आंधळा माणूस काठीला धरतो तसं, आणि ही उपमा मनात आल्याबरोबर त्याला स्वतःचा राग आला. नात मागे गप्प होती. ती आता बोलेल, म्हणेल की आबांना बाळ मी दाखवलं, असं त्याला प्रत्येक क्षणी वाटत होतं, आणि ती बोलू नये असंही वाटत होतं. साठी ओलांडलेला माणूस पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडाला घाबरून बसला होता.

वाहनतळ रस्त्याच्या अलीकडे आणि मैदान पलीकडे. मैदानात रोषणाई बघायला अख्खं गाव लोटलं होतं. पदपथावर फुगेवाल्यांनी आणि खुर्च्या टाकून बसलेल्या लोकांनी जागा अडवलेली, त्यामुळे पोराबाळांना घेऊन जो तो रस्त्यावरूनच चालत होता. लहानपणी त्याचे वडील त्याला रस्ता ओलांडताना हाताला नाही, मनगटाला धरायचे. बोटं घामाने सुटतात, मनगट सुटत नाही, म्हणायचे. त्यानेही मुलीला तसंच धरलं होतं, आणि आता नातीला धरलं. पण रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर त्याला कळेना की येणारी गाडी लांब आहे की जवळ. दोन दिवे होते, त्यांची दोन कडी होती, ती फुगत होती, एवढंच. दिव्यांच्या मागे गाडी असते, गाडीला वेग असतो, आत एक माणूस असतो आणि त्याने आपल्याला पाहिलेलं असतं किंवा नसतं, हे सगळं धरून चालायचं. आणि आपण तर आयुष्यभर असंच धरून चाललो की समोरच्याला आपण दिसतो. त्या बाईनेही तेच धरलं होतं. हिरवं चित्र लागलं, तिने बाबागाडी पुढे ढकलली. तिने आणखी काय करायला हवं होतं? "चला ना आबा," नात म्हणाली आणि तिनेच त्याला ओढून पलीकडे नेलं. मनगट त्याने धरलं होतं, आणि नेत ती होती.

मैदानाच्या कडेला एक बुटकी भिंत होती. "तुम्ही बसा, आम्ही आइस्क्रीम आणतो," मुलगी म्हणाली, "चेहरा उतरलाय तुमचा. दचकलात ना मघाशी?" तो हो म्हणाला. तिघी गर्दीत शिरल्या आणि दहा पावलांवर त्याला दिसेनाशा झाल्या. तो भिंतीवर टेकला आणि उजवा पाय त्याने डाव्या पायाखाली दाबून धरला, कारण उजवा थरथरत होता.

हे उन्हाळ्यात सुरू झालं होतं. आधी समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे टोचायला लागले. हल्ली दिवेच जास्त प्रखर करतात, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग दुकानाची पाटी सकाळी नीट आणि रात्री धुरकट दिसू लागली, तर पाटी पुसून घेतली. मग तपासणीच्या खोलीतला दिवा मंद वाटला, तर बल्ब बदलला. दुसऱ्या कोणी हीच तीन वाक्यं त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसून सांगितली असती, तर चौथ्या वाक्याची वाट न बघता तो म्हणाला असता, मोतीबिंदू दिसतोय, डॉक्टरांना दाखवून घ्या. चौतीस वर्षं तो हेच करत आला होता. खोलीतला दिवा मालवायचा, गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, भिंग सरकवायचं आणि विचारायचं, आता बरं की मघाशी बरं होतं? दिवसाला वीस वेळा, तीस वेळा. माणसं लहान मुलासारखी होतात त्या खुर्चीत. काही जण चुकायला इतके घाबरतात की दिसत नसलेलं अक्षरही ठोकून देतात, आणि त्याला ते लगेच कळतं. एका संध्याकाळी पोऱ्याला घरी पाठवून त्याने शटर अर्धं ओढलं, स्वतः त्या खुर्चीत बसला, डावा डोळा झाकला आणि तक्त्याकडे पाहिलं. सगळ्या ओळी वाचता आल्या. अगदी तळातली सुद्धा. तो उठला, शटर लावलं, घरी आला, दोन घास जास्त जेवला. अंथरुणावर पडल्यावर त्याला कळलं की तक्ता त्याला तोंडपाठ आहे. जगात कोणाचेही डोळे तो त्या तक्त्यावर तपासू शकत होता, फक्त स्वतःचे नाही. वेगळ्या अक्षरांचा एक तक्ता होता. विक्रेत्याने नमुना म्हणून दिलेला, गुंडाळी करून खणात ठेवलेला. पाच महिने झाले, रबर काढून तो उलगडावा असं त्याला एकदाही जमलं नव्हतं. खण उघडायचा, त्याच्या शेजारची कात्री घ्यायची आणि बंद करायचा.

आणि तो भाड्याची गाडी चालवणारा. दोन वर्षांपूर्वी लायसनसाठी लागणारा डोळ्यांचा दाखला घ्यायला आला होता. पन्नाशीचा माणूस, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, तपासणीला आला म्हणून केस पाण्याने बसवलेले. चौथ्या ओळीला अडकला. पुन्हा वाचा म्हटलं, पुन्हा अडकला. "दाखला देता येणार नाही," चष्मेवाल्याने सांगितलं. तो खुर्चीतून उठला नाही. मग म्हणाला, "साहेब, सगळे रस्ते मला पाठ आहेत. डोळे मिटून चालवीन." तेव्हा चष्मेवाला म्हणाला होता, "रस्ते पाठ असतात हो, माणसं पाठ नसतात." हे वाक्य त्याला फार आवडलं होतं. जेवताना घरी सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, दुकानात येणाऱ्या अर्ध्या गिऱ्हाइकांना सांगितलं. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मात्र त्याने कधी विचारलं नाही. आणि मागच्या वर्षी स्वतःचं लायसन संपलं, तेव्हा शेजारच्या पेठेतल्या ओळखीच्या चष्मेवाल्याने चहा मागवला आणि न तपासता सही ठोकली. "तुमचं काय तपासायचं," तो हसून म्हणाला होता. चहा चांगला होता. दोघांनी धंद्याच्या गप्पा मारल्या होत्या.

भिंतीवर बसल्या बसल्या त्याने ठरवून टाकलं. कोणाला काही सांगायचं नाही. पाय आखडलाय म्हणायचं, मुलीला गाडी चालवायला द्यायची, परवा डॉक्टरकडे जायचं, शस्त्रक्रिया म्हणजे हल्ली काय, अर्ध्या तासाचं काम. बायकोला म्हणायचं, मोतीबिंदू आत्ताच निघाला. बाळाला काही झालं नाही, कोणाला काही झालं नाही. हे ठरवल्यावर पायाची थरथर थांबायला हवी होती. ती थांबली नाही.

भिंतीच्या पलीकडून, अगदी जवळून, कोणीतरी बोलत होतं. बोलणं आधीपासून चालू असावं, त्याच्या कानावर आत्ता आलं. "डोकं ठिकाणावर असतं का तुझं? ते काका होते म्हणून. त्यांनी वेळेवर ब्रेक दाबला म्हणून. नाहीतर काय झालं असतं, कळतंय का?" बाईचा आवाज बारीक होता. "हिरवा होता. मी बघून निघाले." "हिरवा होता म्हणे. हिरवा असता तर ते कशाला आले असते? त्यांना काय दिसत नाही का?" मग इतक्या हळू की चष्मेवाल्याला कान द्यावा लागला, ती म्हणाली, "मला वाटलं, हिरवा होता."

मला वाटलं. ही चाल त्याच्या ओळखीची होती. खुर्चीत बसलेला माणूस नीट वाचत असतो, आणि तू नक्की वाचतोयस ना असं दोनदा विचारलं की तो डगमगतो, वाटतं असं म्हणायला लागतो. चांगल्या डोळ्यांच्या माणसाला असं नुसत्या विचारण्याने अधू करता येतं. ही बाई उद्यापासून प्रत्येक चौकात उभी राहील आणि हिरवं चित्र दिसत असूनही तिचे हात बाबागाडीवर गोठतील. तिच्या सासूला सांगितलं जाईल, माहेरी सांगितलं जाईल, पोरगं मोठं झाल्यावर त्यालाही सांगितलं जाईल, तुझ्या आईने एकदा तुला गाडीखाली घातलं होतं, एक काका होते म्हणून तू आहेस. आणि ते काका आइस्क्रीमची वाट बघत भिंतीवर बसलेत. उठावं असं त्याने ठरवलं नव्हतं. तो उठलेला होता.

भिंतीला वळसा घालून तो त्यांच्यासमोर गेला. "मघाशी चौकात ती गाडी माझी होती," तो म्हणाला.

नवऱ्याने ओळखलं, कसनुसा हसला. "हो ना काका. खरंच सॉरी. हिला तेच सांगतोय, रस्ता बघून..."

"त्यांनी बघितला होता. सिग्नल तुमचा होता. तुमचा हिरवा, माझा लाल. मी लाल तोडून आलो."

"असं कसं? तुम्ही तर थांबलात."

"मी नाही थांबलो. मागे माझी नात बसली होती. ती म्हणाली बाळ, म्हणून पाय दाबला गेला. मला तुम्ही दिसलाच नव्हता."

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, जागेवरच वाळलं. "दिसलाच नव्हता म्हणजे?" तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज चढला, "म्हणजे मी तुम्हाला सॉरी म्हणालो. खिडकीशी येऊन. आणि तुम्ही मला म्हणालात, सांभाळून जा."

"म्हणालो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. उशिरा वाटली."

आजूबाजूचे दोघे-तिघे थांबून बघायला लागले. नवऱ्याने त्याच्या दंडाला धरलं, मग काय करावं ते न सुचून सोडलं. इतका वेळ बायकोवर काढत होता तो सगळा राग आता त्याच्या हातात तसाच होता, आणि तो बायकोकडे बघू शकत नव्हता. ती मात्र दोघांकडेही बघत होती. तिने बाळाची टोपी सारखी केली आणि विचारलं, "किती दिसतं तुम्हाला?"

हा प्रश्न त्याने हजारो माणसांना विचारला होता. त्याला कोणी विचारला नव्हता. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं आणि पहिल्यांदा त्याला काहीच पाठ आठवेना.

"दिवसा बरं दिसतं," तो म्हणाला. "रात्री दिवे दिसतात. माणसं दिसत नाहीत."

तिने जराशी मान हलवली. मग तिने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही ह्यांच्या घरच्या का? आता ह्यांना गाडी देऊ नका."

चष्मेवाला वळला. मागे मुलगी उभी होती, दोन्ही हातांत आइस्क्रीमचे कोन, एक वितळून मनगटावरून ओघळत होता. तिच्या मागे बायको, नातीला कडेवर घेऊन. ती पाठीच्या दुखण्यामुळे नातीला कधी उचलत नसे. त्यांनी किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. "मी चालवते," मुलगी म्हणाली. बाबागाडीवाली बाई निघाली. ती पुढे आणि नवरा मागे, आणि जाताना त्याने दांड्यावर हात ठेवला, तर तिने तो बाजूला केला. नवरा तसाच चालत राहिला, मोकळ्या हाताने.

परत जाताना मुलीने सीट पुढे ओढली, आरसा स्वतःच्या उंचीला लावला. चष्मेवाला मागे बसला. स्वतःच्या गाडीत मागे तो कधी बसलाच नव्हता. पाय कुठे ठेवायचे ते त्याला कळेना, आणि पुढे कोणी आडवं आलं की त्याचा उजवा पाय गालिच्यावर दाबला जायचा. मुलगी सावकाश चालवत होती, जरा जास्तच सावकाश. सिग्नल दिसला की लांबूनच वेग कमी करत होती, कोणी मूल घेऊन कडेला उभं असलं की थांबून हाताने जा म्हणत होती. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. नात त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, तिच्या गालाला आइस्क्रीम चिकटलं होतं. बायको पुढे सरळ बसली होती. तिची मान त्याला मागून दिसत होती, ती जराही हलत नव्हती.

मान न वळवताच तिने विचारलं, "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"गेल्या महिन्यात माझ्या भावाकडून रात्रीचे परत आलो ना आपण?"

"हो."

"तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मी झोपले होते गाडीत," ती म्हणाली. "तुम्ही आहात म्हणून झोपले होते."

माफ कर म्हणावं असं ओठांपर्यंत आलं, पण मघाशी खिडकीशी वाकून कोणीतरी त्याची माफी मागितली होती, आणि त्या शब्दाची चव अजून तोंडातून गेली नव्हती. नातीच्या कपाळावर त्याने हात ठेवला. ते गार आणि घामेजलेलं होतं. जिवंत मुलांची कपाळं अशीच असतात, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि त्याने हात तिथेच राहू दिला. बायको पुढे एकदा नाक ओढल्यासारखं करून खिडकीकडे वळली. मुलीने आरशात त्याच्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे पाहिलं.

घराची गल्ली अरुंद होती. फाटकापाशी सुट्टीला आलेल्या कोणा पाहुण्यांची गाडी तिरकी लावलेली, आणि राहिलेल्या जागेत सोसायटीची दोन-तीन पोरं मघापर्यंत खेळत असावीत, त्यांची एक सायकल कुठेतरी आडवी पडलेली असायची नेहमी. मुलीने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि सवयीने मागे मान वळवली. गाडी शिकवताना त्यानेच तिला शेकडो वेळा वाट काढून दिली होती, ये, ये, अजून ये, आता डावीकडे. "बाबा," ती म्हणाली, "निघेल ना हो एवढ्यातून?"

त्याने पुढे वाकून काचेतून पाहिलं. फाटकावरचा दिवा होता. त्याच्याभोवती कडं होतं. त्याच्या खाली अंधार होता आणि त्या अंधारात काहीही असू शकत होतं. जीभ ये म्हणायला सरावलेली होती, ती टाळ्याला लागलीसुद्धा.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "खाली उतरून बघ."